जननग्रंथींना हाक देणारी संप्रेरके

आज सुरुवात व्याख्येपासून नको, एका रिपोर्टपासून करू.

आमच्याकडे नेहमी दिसणारं दृश्य आहे. तिशीतली बाई, सोबत नवरा, मागे सासूबाई. प्लास्टिकच्या फाइलमध्ये रक्ताचा रिपोर्ट. आठ-दहा महिन्यांपासून पाळी येत नाही, मूल हवं आहे. रिपोर्टमध्ये एक आकडा जाड अक्षरात छापलेला : एफएसएच ४८. नवरा विचारतो, "डॉक्टर, हार्मोन तर भरपूर आहे, मग अडलंय कुठे?" प्रश्न अगदी रास्त आहे. हिमोग्लोबिन वाढलं की आपण खूश होतो, बारावीचे मार्क वाढले की पेढे वाटतो. इथे आकडा मोठा आहे आणि डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरलेला. असं का, हे नीट समजलं तर आजचा अर्धा विषय समजला.

बायकांत अंडाशय आणि पुरुषांत वृषण, या आपल्या जननग्रंथी. त्या आपल्या मर्जीने काम करत नाहीत. त्यांना काम सांगणारी ग्रंथी राहते डोक्यात. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम. तीच रक्तात दोन संप्रेरकं सोडते : एफएसएच आणि एलएच. दोघांना मिळून गोनॅडोट्रॉपिन म्हणतात, म्हणजे जननग्रंथींकडे जाणारी, त्यांना पोसणारी संप्रेरकं. नावं बायकांच्या शरीरावरून पडली. एफएसएचमधला एफ म्हणजे फॉलिकल, अंडाशयातली ती पाण्याची छोटी पिशवी, आपण तिला अंडपुटक म्हणू. पण पुरुषाच्या रक्तात फिरणारे रेणू हेच असतात, 'पुरुषांचं एफएसएच' असं काही वेगळं नसतं. अंडाशयात एफएसएच अंडपुटकं वाढवतं, एलएच पक्व पुटक फोडून अंडं बाहेर काढतं. वृषणात एलएच टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेतं, आणि एफएसएच शुक्राणूंना वाढवणाऱ्या पेशींची देखभाल करतं.

आता हाकेची गोष्ट. वाड्यात आई खालून हाक मारते, "बाळ्याऽऽ". वरून "ओ" आली की ती गप्प बसते. ओ आली नाही तर दुसरी हाक जरा मोठी, तिसरी अख्ख्या आळीला ऐकू जाणारी. पीयूषिका ही ती आई. अंडाशयाने तयार केलेलं इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन नावाचं दुसरं एक संप्रेरक, ही तिला मिळणारी 'ओ'. ओ पोचत असते तोवर एफएसएच बेताचं राहतं. अंडाशय थकले, त्यातली अंडी संपत आली, की ओ येत नाही आणि हाकेचा आवाज चढत जातो. त्या रिपोर्टमधला ४८ हा आवाज आहे, उत्तर नाही. चाळिशीच्या आत असा आकडा आला तर तपासणी पुन्हा करून खात्री करावी लागते, पण रोख तोच असतो : ग्रंथी दमली आहे.

आता दुसरी बाई बघा. पाळी हिचीही बंद आहे, पण एफएसएच आणि एलएच दोन्ही कमी, इस्ट्रोजेनही कमी. इथे अंडाशय ठणठणीत आहेत, हाक मारणारंच कुणी नाही. वजन फार उतरलं, उपाशी राहून व्यायाम केला, मोठं आजारपण झालं, फार मोठा ताण आला, तर असं होतं. पीयूषिकेजवळ गाठ असली तरी होतं. तक्रार सारखीच, 'पाळी येत नाही'. उपाय मात्र उलटे. या दुसऱ्या बाईला बाहेरून एफएसएच दिलं तर तिचे अंडाशय छान प्रतिसाद देतात. पहिलीला तेच इंजेक्शन दिलं तर? जिथे आधीच ओरडून ओरडून घसा बसलाय, तिथे आपण कर्णा आणून लावल्यासारखं आहे. पैसे जातात, आशा जाते, हाती काही लागत नाही. म्हणून सांगतो, इंजेक्शनं सुरू करण्याआधी हा आकडा कुणी बघितलाय का, हे विचारायला लाजू नका.

पीयूषिकेच्याही वर एक साहेब आहे. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, पाठ्यपुस्तकात त्याला अधश्चेतक म्हणतात. तो जीएनआरएच नावाचं अगदी छोटं संप्रेरक सोडतो, फक्त दहा अमिनो आम्लांची माळ. ती शोधून काढायला दोन प्रयोगशाळा वर्षानुवर्षं एकमेकींशी इरेला पेटल्या होत्या. अँड्र्यू शॅली डुकरांच्या मेंदूंवर आणि रॉजर गिलेमिन मेंढ्यांच्या मेंदूंवर काम करत होते. कत्तलखान्यांतून लाखांच्या संख्येने मेंदूचे ते तुकडे आणायचे, आणि त्यातून हाती लागायचं ते मिलिग्रॅममध्ये मोजावं एवढंसं. १९७१ मध्ये रचना उलगडली, १९७७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या वर्षीच्या पारितोषिकाचा उरलेला अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांचा होता. रक्तातलं इतकं सूक्ष्म संप्रेरक मोजण्याची पद्धत त्यांची. ती पद्धत नसती तर आपल्या फाइलमधला तो ४८ कधी छापलाच गेला नसता.

रचना कळली, म्हणजे आता हे जीएनआरएच भरपूर दिलं की काम झालं, असं सगळ्यांना वाटलं. तिथेच गंमत झाली. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडिणींवर प्रयोग केले. त्यांचा हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केला आणि बाहेरून जीएनआरएच सलग, थांबता न देता दिलं. एलएच-एफएसएच वर येईनात. मग तेच औषध दर तासाला एकदा, फक्त सहा मिनिटं दिलं, आणि दोन्ही संप्रेरकं परत आली. हा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे संदेश नुसता रेणूत नाही, तो तालातही आहे. हाक सारखी एकाच सुरात चालू राहिली की पीयूषिका कान बंद करून घेते, पंख्याचा आवाज थोड्या वेळाने आपल्याला ऐकू येईनासा होतो तसंच. ठोके जलद पडले तर एलएच जास्त सुटतं, सावकाश पडले तर एफएसएचचं पारडं जड होतं. पीसीओएसमध्ये पुष्कळ मुलींचे हे ठोके जलद असतात, त्यामुळे एलएच चढं राहतं. अंडपुटकं अर्ध्यावर वाढून थांबतात, आणि अंडाशयात पुरुषी संप्रेरक जास्त बनतं. चेहऱ्यावरचे केस, मुरमं, लांबणारी पाळी यांमागे हाही एक धागा आहे. एकमेव नाही, इन्सुलिनचाही मोठा हात आहे. पण त्यावर वेगळं बोलावं लागेल.

या 'कान बंद करण्याचा' वैद्यकाने फार चतुर उपयोग केलाय. जीएनआरएचची टिकाऊ नक्कल, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. सुरुवातीचे काही दिवस उलट उसळी येते, मग सगळं शांत. सहा-सात वर्षांच्या मुलीला वयात येण्याची लक्षणं दिसू लागली, तर योग्य तपासणीनंतर हीच इंजेक्शनं देऊन घड्याळ काही वर्षं थांबवता येतं. पुढे औषध बंद केलं की ते पुन्हा चालू होतं. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन बंद पाडायलाही हेच औषध लागतं. आजोबा आणि नात एकाच जातीचं इंजेक्शन घेतायत, असंही घडू शकतं.

आता मागे जाऊ. हे सगळं कळलं कसं, ते सांगायलाच हवं, कारण ही कथा बरीचशी लघवीची आहे. हसू नका.

१९२७-२८ मध्ये बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांना दिसलं की गरोदर बाईची लघवी वयात न आलेल्या उंदरीला टोचली, तर चार-पाच दिवसांत तिचे अंडाशय पक्व होतात. जगातली पहिली भरवशाची गर्भचाचणी ती. उंदरीला मारून पोट उघडून बघावं लागे. त्यांना वाटलं, हे पीयूषिकेचंच संप्रेरक लघवीत उतरलंय. प्रत्यक्षात ते वारेतून येणारं एचसीजी होतं. ही चूक समजण्यासारखी आहे, कारण एलएच, एफएसएच आणि एचसीजी हे तिघं भाऊ आहेत. प्रत्येकात दोन साखळ्या, त्यातली एक तिघांत अगदी सारखी, वेगळेपण फक्त दुसरीत. एचसीजी तर एलएचच्याच कुलपात बसतं. म्हणून वंध्यत्वाच्या उपचारात अंडं फुटण्यासाठी एलएचऐवजी एचसीजीचं इंजेक्शन चालतं, आणि ते दिल्यावर साधारण छत्तीस तासांचा हिशोब धरून पुढची वेळ ठरवतात. रात्री अकरालाच इंजेक्शन घ्या असं बजावलं जातं, ते एवढ्यासाठी. तो डॉक्टरांचा हट्ट नाही. बाकी, त्या उंदरीचं काम आज मेडिकलच्या दुकानात मिळणारी पट्टी करते. झोंडेक ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना नोकरीवरून काढलं, ते आधी स्वीडनला आणि मग जेरुसलेमला गेले.

औषध म्हणून गोनॅडोट्रॉपिन आणायचं कुठून? एक वाट होती मृतांच्या पीयूषिकांतून काढण्याची. स्वीडनमध्ये १९५८ मध्ये कार्ल गेमझेल यांनी तसं करून बायकांमध्ये अंडमोचन घडवून दाखवलं. पण या वाटेची किंमत पुढे कळली. ऑस्ट्रेलियात अशी इंजेक्शनं घेतलेल्या काही स्त्रिया अनेक वर्षांनंतर क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावल्या. दात्याच्या मेंदूतला दोष औषधातून आला होता. १९८५ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

दुसरी वाट आपल्या हाकेच्या गोष्टीतून सरळ निघते. पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात ओ नाही, म्हणजे हाक जोरात. तिच्या लघवीत एलएच-एफएसएच भरपूर उतरणार. इटलीत पिएरो डोनिनी यांनी ते वेगळं काढलं. ब्रुनो लुनेनफेल्ड हे तरुण शास्त्रज्ञ औषध बनवण्यासाठी पाठपुरावा करत राहिले. पण एवढी लघवी द्यायला कोण तयार होणार, आणि त्यात एखादी गरोदर निघाली तर एचसीजीची भेसळ व्हायची. उत्तर मिळालं वृद्ध ख्रिस्ती धर्मभगिनींच्या निवासांत. सगळ्या उतारवयाच्या, एकाच जागी राहणाऱ्या, आणि गरोदर असण्याचा प्रश्नच नाही. ज्या बायकांनी संसार सोडला होता, त्यांच्यामुळे १९६२ मध्ये इस्रायलमध्ये एका वंध्य बाईची कूस उजवली. पुढे नव्वदीच्या दशकात जनुकतंत्राने हॅमस्टरच्या पेशींमध्ये शुद्ध एफएसएच बनू लागलं. लघवीतून काढलेलं औषध आजही वापरात आहे.

आणि आता आपल्या देशाची गोष्ट. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली. तिच्या वेळी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी संप्रेरकं न देता नैसर्गिक चक्रातलं एकच अंडं घेतलं होतं. तिच्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात 'दुर्गा' जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गोनॅडोट्रॉपिन देऊन एकापेक्षा जास्त अंडी मिळवली, फलित झालेला गर्भ गोठवून ठेवला, आणि नंतरच्या एका साध्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडला. विचार साधा होता : संप्रेरकांच्या माऱ्यानंतर गर्भाशयाचं अस्तर गर्भाला अनुकूल नसतं, तर मग थांबू या. आज जगभर हा क्रम रोज वापरला जातो. त्या वेळी मात्र राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा फेटाळला. परदेशात जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. पुढे त्यांची बदली केली डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी जीवन संपवलं. 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे आठवत असेल.

मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा, आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं ते काम, भारतातलं पहिलं शास्त्रीय नोंद असलेलं. याच आनंदकुमारांनी १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रं तपासली आणि जाहीरपणे लिहिलं की पहिला मान त्यांचा आहे. म्हणजे स्वतःच्या नावापुढचं 'पहिला' हे विशेषण स्वतःच्या हाताने खोडलं. आमच्या क्षेत्रात असं फार वेळा घडत नाही.

आता पुरुषांकडे वळू. त्यांच्याबद्दल बोलताना सभागृहात जरा शांतता पसरते, हा आमचा अनुभव आहे.

मूल होत नसलेल्या जोडप्यांत पुष्कळ वेळा कारण नवऱ्याकडे असतं, पण तपासण्या सुरू होतात बायकोपासून. वीर्यतपासणी ही यातली सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी तपासणी, आणि तीच सगळ्यांत शेवटी होते. अलीकडे आणखी एक प्रकार वाढलेला दिसतो. सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, दणकट बांधा, जिममध्ये जाणारा. वीर्यात शुक्राणू शून्य. खोदून विचारल्यावर, तेही बायकोला बाहेर पाठवल्यावर, कळतं की 'सरांनी' इंजेक्शनं दिली होती. ती टेस्टोस्टेरॉनची. त्याला वाटतं, पुरुषी संप्रेरक घेतलंय, तर पुरुषपण वाढायला हवं. पण हाकेचा हिशोब लावा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं, पीयूषिकेला भरभक्कम ओ ऐकू आली, तिने हाक बंद केली. एलएच गेलं, एफएसएच गेलं. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. ते थांबतं, वृषण आकसतात, शुक्राणू संपतात. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनाची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चाचणी घेतली होती, १९९० मध्ये तिचे निष्कर्ष आले. म्हणजे मूल हवं असलेला हा मुलगा स्वतःच्या पैशाने गर्भनिरोधक टोचून घेत होता!

बरं होतं का? बहुतेकांत होतं, इंजेक्शनं बंद केल्यावर. पण शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, आणि झोपलेली साखळी जागी व्हायला त्याहून जास्त, कधी वर्षही. काहींना एचसीजी आणि एफएसएच द्यावं लागतं. प्रत्येकाचं पूर्ववत होईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. आणि 'अशक्तपणा वाटतो' म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही आधी एकच प्रश्न विचारावा : मूल हवंय का?

शेवटचा मुद्दा, आपल्या महाराष्ट्राचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या 'पिशवी काढण्याच्या' बातम्या २०१९ मध्ये आल्या, चौकशी समिती नेमली गेली. कोयत्यावर जाताना पाळी नको, खाडा नको, दंड नको, म्हणून तिशीच्या आत-बाहेरच्या बायकांची गर्भाशयं काढलेली. इथे शब्द नीट वापरायला हवेत. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते या साखळीत हाक देत नाही आणि ओही देत नाही, ते फक्त ऐकतं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी जाते, पण अंडाशयांचं काम चालू राहतं. अशा बायकांत ते थोडं लवकर थकतं, एवढं अभ्यासांत दिसलंय. पण त्याच वेळी दोन्ही अंडाशयही काढले, तर काही दिवसांत इस्ट्रोजेन कोसळतं आणि एफएसएच चढतं. अंगातून वाफा, झोप उडणं, सांधे धरणं, आणि दिसत नाही तोवर हाडं ठिसूळ होणं. पन्नाशीत यायचं ते तिशीत येतं, आणि त्या अंगाने उसाची मोळी उचलायची असते. आमची विनंती एवढीच, तुमच्या ओळखीत कुणाची पिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा, अंडाशय ठेवलेत की काढलेत. बाईला स्वतःला ते ठाऊकच नसतं, असं बऱ्याचदा आढळतं. काढले असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल, तर संप्रेरक उपचार आणि हाडांची काळजी याबद्दल तज्ज्ञांना विचारायलाच हवं. उशीर झाला असला तरी.

एक चिठ्ठी आलीय, ती घेऊ आणि थांबू. "वय ४६. पाळी मागेपुढे होते. एफएसएच २२ आलं. आता पाळी गेली असं समजावं का? गर्भनिरोधकाची गरज आहे का?"

नाही, एका आकड्यावरून तसं समजू नका. या वयात हाक महिन्या-महिन्याला चढउतार करते. या महिन्यात २२ आणि पुढच्या महिन्यात ८ असंही येतं, आणि त्या ८ वाल्या महिन्यात अंडं सुटू शकतं. पाळी गेली हे आकड्याने ठरत नाही, सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच म्हणायचं. पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोधक चालू ठेवावं, पन्नाशीनंतर एक वर्ष. आणि मध्येच रक्तस्राव फार जास्त झाला, किंवा बारा महिन्यांच्या खंडानंतर पुन्हा दिसला, तर 'वयाचं असेल' म्हणून घरी बसू नका, दाखवून घ्या.